पाय वाचविणारी विद्या

वाचकहो, आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसांची पावले आपण शेवटची निरखून केव्हा पाहिली होती? सणावारी आपण त्यांच्या पाया पडतो, आपले मस्तक त्या पावलांवर टेकते. परंतु ती पावले थंड आहेत की ऊबदार, अंगठ्याच्या कडेला एखादी जखम आहे काय, असल्यास ती किती दिवसांची आहे, हे पाहण्याची सवय आपल्याला नसते. पाहावयाचे कोणी सांगितलेलेही नसते.

उंबऱ्याची ठेच लागते, नवी वहाण चावते, नख काढताना जरासे रक्त येते. घरात हळद लावली जाते, चिंधी बांधली जाते आणि गोष्ट विसरली जाते. निरोगी माणसाच्या बाबतीत तसे विसरून चालतेही. परंतु त्या माणसाला दहा-पंधरा वर्षांचा मधुमेह असेल किंवा तरुणपणापासून विडीची सवय असेल, तर तीच जखम पंधरा दिवसांत भरत नाही, महिन्यात भरत नाही. बोटाचा रंग निळसर होतो, मग काळा पडतो. आणि एके दिवशी डॉक्टरांच्या तोंडून ते शब्द ऐकावे लागतात : "पाय कापावा लागेल." घर हादरून जाते. कर्ता माणूस असेल तर मिळकत थांबते, वृद्ध माणूस असेल तर त्याचे अंगण परके होते.

या वाक्याला उत्तर देण्यासाठीच वैद्यकाची एक स्वतंत्र शाखा उभी राहिली आहे. हृदय आणि मेंदूतील वाहिन्या सोडून उरलेल्या शरीरातील धमन्या व शिरा यांच्यावर उपचार करणारे ते रक्तवाहिन्यांचे शस्त्रवैद्य होत. बंगळुरूतील अशा एका शस्त्रवैद्याच्या कार्याच्या निमित्ताने ही विद्या म्हणजे काय, ती कशी शिकली जाते आणि तिच्यात संशोधनाला एवढे महत्त्व का, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे. शेवटी आपण घरी काय करावे, तेही सांगितले आहे. कारण या शाखेचे निम्मे यश रुग्णालयाच्या दारात नव्हे, तर आपल्या घराच्या ओसरीवर ठरते.

पायाला भूक लागते तेव्हा

प्रथम दुखणे समजून घेऊ. हृदयातून निघालेले रक्त पोटातील महाधमनीतून खाली येते, तेथे तिचे दोन फाटे होतात आणि एकेक फाटा मांडी, गुडघा, पोटरी असा उतरत पावलापर्यंत जातो. वय, तंबाखू, मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि रक्तातील चरबी यांमुळे या धमन्यांच्या आतल्या अस्तरात थर साचत जातात. वाट अरुंद होते. बसून असताना स्नायूंना लागणारे रक्त त्या अरुंद वाटेनेही पुरते; परंतु माणूस चालू लागला की पोटरीला अधिक रक्त हवे असते आणि ते मिळत नाही. मग पोटरीत गोळा आल्यासारखे दुखते, माणूस थांबतो, दोन-तीन मिनिटांत दुखणे ओसरते, तो पुन्हा चालतो आणि तेवढ्याच अंतरावर पुन्हा थांबतो. पुष्कळ लोक याला वयाचा दोष समजतात. तो वयाचा दोष नव्हे. ती पायाची भूक होय.

वाट आणखी बुजली म्हणजे विश्रांतीतही पाय दुखतो. रुग्ण रात्री उठून पाय खाटेखाली लोंबत सोडतो, कारण तसे केल्याने रक्त थोडे अधिक उतरते व बरे वाटते. ही खूण ज्या घरात दिसेल, त्या घराने दुसऱ्या दिवशीची वाट पाहू नये.

मधुमेहात तर संकट दुहेरी असते. एकीकडे गुडघ्याखालच्या बारीक धमन्या बुजतात, आणि दुसरीकडे पायाच्या संवेदना मंदावतात. त्यामुळे जखम झाल्याचे कळत नाही, आणि कळले तरी ती दुखत नाही म्हणून तिची काळजी वाटत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत आपल्या देशात मधुमेहाचे रुग्ण सुमारे १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज आला. प्रौढांतील हे प्रमाण ११.४ टक्के होय. या प्रत्येकाला दोन पावले आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रश्नाचा आवाका लक्षात येईल.

तिसरे दुखणे तरुणांचे आहे. न्यूयॉर्कचे डॉक्टर लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले आणि त्यांच्याच नावाने ते ओळखले जाते. ते बहुधा चाळिशीच्या आतबाहेरच्या, तंबाखू ओढणाऱ्या पुरुषांना होते आणि हातापायांच्या लहान वाहिन्या बंद करीत जाते. तंबाखू कायमची सोडणे हाच यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय होय. ती न सोडता केलेली कोणतीही शस्त्रक्रिया फार काळ टिकत नाही.

शिवणकामापासून सुरुवात

रक्तवाहिनी तुटली तर ती बांधून टाकावयाची, एवढेच शतकानुशतके शस्त्रवैद्यांना ठाऊक होते. बांधली की रक्त थांबे, पण पुढचा अवयवही बहुधा जाई. १८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष कार्नो यांच्यावर लिआँ शहरात सुरीहल्ला झाला. पोटातील एक मोठी शीर तुटली आणि ती शिवता न आल्याने त्यांचा मृत्यू झाला. त्याच शहरात शिकणाऱ्या अलेक्सिस कॅरेल या तरुणाच्या मनाला ही गोष्ट लागून राहिली. बारीक सुई आणि रेशमी धागा कसा चालवावा, हे शिकण्यासाठी तो एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडे गेला. वाहिनीच्या दोन टोकांना तीन ठिकाणी टाके घालून ती त्रिकोणासारखी ताणावयाची आणि मग कडा शिवत जावयाच्या, ही त्याची रीत १९०२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९१२ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आजही या शाखेचा विद्यार्थी पहिल्या दिवशी जे टाके गिरवितो, त्यांचे मूळ त्या भरतकामात आहे.

पुढची पाने वेगाने उलटली. १९४८ मध्ये पॅरिसच्या झाँ कुन्लँ यांनी रुग्णाच्याच पायातील लांब शीर घेऊन ती बुजलेल्या धमनीला वळसा घालून जोडली. नदीवरचा पूल पडला असता बाजूने वाट काढावी, तसा हा प्रकार होता. यालाच आपण आता बायपास म्हणतो. अमेरिकेतील थॉमस फोगार्टी यांनी हातमोज्याच्या बोटाचे टोक कापून ते एका बारीक नळीच्या टोकाला बांधले. मिटलेला फुगा गुठळीच्या पलीकडे न्यावयाचा, तेथे फुगवावयाचा आणि मागे ओढून गुठळी बाहेर काढावयाची, ही युक्ती १९६३ मध्ये त्यांनी जगापुढे मांडली. १६ जानेवारी १९६४ रोजी चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका बाईंच्या मांडीतील अरुंद धमनी केवळ आतून नळ्या सरकवून रुंद केली. पाय कापून घेण्यास त्या बाईंनी साफ नकार दिला होता. त्या त्यानंतर स्वतःच्या दोन्ही पायांवर चालल्या. अँजिओप्लास्टीचा जन्म असा एका वृद्ध स्त्रीच्या निश्चयातून झाला.

आपल्याकडेही त्याच काळात हे काम सुरू झाले होते. मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात व के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन हे शस्त्रक्रियेचे प्राध्यापक होते. फेब्रुवारी १९६८ मध्ये त्यांनी भारतातील पहिले मानवी हृदयारोपण केले. तो रुग्ण काही तासच जगला. परंतु त्या धाडसामुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. त्यांचे दुसरे काम मात्र फारसे कोणाला ठाऊक नाही. आपल्याकडील तरुण रुग्णांत महाधमनी मध्येच अरुंद झालेली आढळते, हे त्यांच्या लक्षात आले होते. अशा रुग्णांच्या नोंदी नीट ठेवून त्यांनी डॉ. किनरे, डॉ. इंजिनिअर व डॉ. परुळकर या सहकाऱ्यांसह १९६३ मध्ये ब्रिटिश हृदयविज्ञान नियतकालिकात त्या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. हृदयारोपणाची बातमी वर्तमानपत्रात आली. हा लेख ग्रंथालयात गेला. परंतु पुढच्या पिढीतील डॉक्टरांना रुग्ण ओळखता येऊ लागला, तो अशाच नोंदींमुळे.

वाचकहो, शस्त्रवैद्याच्या कार्याची खरी दोन अंगे येथे दिसतात. हाताचे कौशल्य समोरच्या एका रुग्णाला उपयोगी पडते. काळजीपूर्वक ठेवलेली नोंद न पाहिलेल्या हजारोंना उपयोगी पडते. या दोन्ही अंगांची जपणूक करणारा तो अध्यापक शस्त्रवैद्य.

साडेअकरा वर्षांची वाट

आपल्या मुलामुलींपैकी कोणाला या वाटेने जावयाचे असेल, तर तिची लांबी आधी सांगितली पाहिजे. बारावीनंतर प्रवेशपरीक्षा, मग एक वर्षाच्या उमेदवारीसह साडेपाच वर्षांची एम. बी. बी. एस. पदवी, त्यापुढे सर्वसाधारण शस्त्रक्रियेची तीन वर्षे, आणि त्यापुढे केवळ रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेची आणखी तीन वर्षे. हे शेवटचे शिक्षण विद्यापीठाच्या एम. सीएच. पदवीसाठी किंवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या पदवीसाठी घेता येते. एकही वर्ष वाया न जाता ही साडेअकरा वर्षे होतात. बरोबरीचे मित्र नोकरीला लागून घर बांधतात, तेव्हा हा विद्यार्थी रात्री दोन वाजता कोणाच्या तरी थंडगार पायावर नाडी चाचपीत उभा असतो. पायाची धमनी एकाएकी बंद झाली, तर स्नायूंना वाचविण्यासाठी साधारण सहा तासच हाती असतात. म्हणून या शाखेत घड्याळ हेदेखील एक हत्यार आहे.

या शिक्षणात तीन गोष्टी शिकाव्या लागतात. पहिली बोटांची : नाडी कोठे लागते, कोठे लागत नाही. दुसरी डोळ्यांची : ध्वनिलहरींच्या डॉप्लर यंत्रावर रक्ताचा वेग वाचणे. तिसरी सर्वांत अवघड, ती मनाची : कोणत्या रुग्णावर शस्त्रक्रिया करू नये, हे ओळखणे. पहिल्या दोन गोष्टी एका चांगल्या गुरूजवळ शिकता येतात. तिसरीसाठी मात्र शेकडो रुग्णांचे पुढे काय झाले, याचा प्रामाणिक हिशोब हवा असतो.

वसंतनगरातील संस्था

बंगळुरू शहराच्या वसंतनगर भागात मिलर्स रस्त्यावर भगवान महावीर जैन रुग्णालय आहे. तेथे केवळ रक्तवाहिन्यांच्या विकारांसाठी जैन रक्तवाहिनीविज्ञान संस्था उभी राहिली. या संस्थेचे संचालक म्हणून ज्यांनी ती नावारूपास आणली, ते डॉ. कलकुंटे सुरेश.

हृदयरोगासाठी स्वतंत्र रुग्णालये आपण पाहतो, नेत्ररोगासाठी पाहतो. परंतु पायाच्या धमन्यांसाठी स्वतंत्र संस्था असावी, ही कल्पना आपल्याकडे नवी होती. तिचे महत्त्व असे, की अशा ठिकाणी शस्त्रक्रिया, आतून नळी घालून करावयाचा उपचार, डॉप्लरची तपासणी आणि जखमेची निगा ही चारही कामे एका छपराखाली होतात. रुग्णाला एका दारातून दुसऱ्या दारात पाठविण्यात जे दिवस जातात, ते वाचतात. आणि जखमी पायाच्या बाबतीत वाचलेला दिवस म्हणजे कधी कधी वाचलेले बोट असते. दुसरे असे, की एकाच विकाराचे अनेक रुग्ण एकत्र आले म्हणजे विद्यार्थ्यांना शिकता येते आणि नोंदींना अर्थ येतो. या संस्थेत राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या पदवीसाठी तरुण शस्त्रवैद्य घडविले गेले.

शस्त्रवैद्याने लिहावे, ही गोष्ट आपल्याकडे अजून पुरती रुजलेली नाही. दिवसभर शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ उभे राहिल्यावर रात्री लिहावयास बसणे सोपे नसते. तथापि लिहिले नाही, तर परदेशी रुग्णांवरून काढलेले निष्कर्षच आपण आपल्या रुग्णांना लावीत राहणार. तिकडचा रुग्ण अनेकदा वृद्ध, धूम्रपानाने आजारलेला असतो; आपला रुग्ण बऱ्याच वेळा वयाने लहान, मधुमेही आणि उशिरा आलेला असतो. ही उणीव भरून काढण्यासाठी भारतातील या शाखेच्या शस्त्रवैद्यांच्या संघटनेने २०१४ पासून स्वतःचे इंग्रजी नियतकालिक सुरू केले. त्याचे संपादकपद डॉ. सुरेश यांनी सांभाळले. बेळगाव असो वा गुवाहाटी, कोठल्याही शस्त्रवैद्याला आपला अनुभव देशापुढे ठेवता येईल, असे एक व्यासपीठ त्यामुळे मिळाले.

त्यांच्या कार्यातील जगाने दखल घेतलेला टप्पा २०१९ चा आहे. पाय गमावण्याची भीती असलेल्या रुग्णावर कसे उपचार करावेत, यावर जगभर मतभेद होते. अमेरिकेची, युरोपची आणि जागतिक महासंघाची अशा रक्तवाहिनी-शस्त्रवैद्यांच्या तीन संघटना एकत्र आल्या आणि त्यांनी एक सामायिक मार्गदर्शिका तयार केली. तिच्या दहा मुख्य लेखकांत डॉ. सुरेश यांचे नाव आहे. आपल्या देशातील एका रुग्णालयात बसून काम करणारा शस्त्रवैद्य जगाच्या उपचारांची दिशा ठरविणाऱ्या मंडळात असावा, यात अभिमान आहेच. परंतु त्याहून मोलाची गोष्ट ही, की मधुमेही आणि उशिरा येणाऱ्या रुग्णांच्या देशातील अनुभव त्या पंक्तीला बसला.

ही मार्गदर्शिका सांगते काय? तिचा गाभा सामान्य वाचकालाही समजण्याजोगा आहे. उपचार ठरविण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत आणि तेही क्रमाने. पहिला, हा माणूस शस्त्रक्रिया सोसू शकेल काय आणि त्यानंतर त्याचे आयुष्य किती आहे? दुसरा, पायाची अवस्था किती बिकट आहे? येथे जखम, रक्ताची टंचाई आणि जंतुसंसर्ग या तिन्हींना शून्य ते तीन असे गुण द्यावयाचे असतात. तिसरा, धमनी कोठे आणि किती लांब बुजली आहे? बहुतेक जण तिसऱ्या प्रश्नाने सुरुवात करतात, कारण छायाचित्रात बुजलेली धमनी स्पष्ट दिसते आणि ती उघडण्याचा मोह होतो. मार्गदर्शिकेने हा क्रम उलटा केला : आधी माणूस, मग पाय, आणि सर्वांत शेवटी धमनी. तरुण शस्त्रवैद्याला यापेक्षा मोठा धडा कोणता मिळणार?

आपल्याच मताची परीक्षा

आता संशोधनाकडे वळू. एखादा शस्त्रवैद्य म्हणेल, "मी बायपास करतो आणि माझे रुग्ण बरे होतात." दुसरा म्हणेल, "मी फुगा घालून वाट रुंद करतो. माझेही बरे होतात." दोघेही प्रामाणिक असू शकतील, पण दोघांकडे येणारे रुग्ण सारखे नसतात. म्हणून खरी कसोटी अशी, की ज्यांना दोन्ही उपचार चालतील अशा रुग्णांची त्यांच्या पूर्ण संमतीने चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करावयाची आणि वर्षानुवर्षे दोन्ही गटांचा हिशोब ठेवावयाचा. उपचार कोणता द्यावयाचा, हे वैद्याच्या आवडीवर राहत नाही. आपल्या हाताला सवयीची झालेली शस्त्रक्रिया हरण्याचीही तयारी ठेवावी लागते. संशोधकाचे धैर्य म्हणतात ते हेच.

अशा दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष अलीकडेच आले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली पहिली चाचणी अमेरिकेसह पाच देशांतील १,८३० रुग्णांची होती. ज्यांच्या पायात बायपाससाठी चांगली शीर उपलब्ध होती, त्यांच्यापैकी बायपास झालेल्या गटात ४२.६ टक्के रुग्णांना मृत्यू, मोठे अंगच्छेदन किंवा पुन्हा मोठी शस्त्रक्रिया यांपैकी काहीतरी पाहावे लागले; आतून उपचार केलेल्या गटात हे प्रमाण ५७.४ टक्के होते. बायपासवाले आनंदले. परंतु पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, ब्रिटन, स्वीडन व डेन्मार्क येथील ३४५ रुग्णांची दुसरी चाचणी आली. त्या रुग्णांच्या गुडघ्याखालच्या धमन्यांवर उपचार करावे लागले होते. तेथे बायपासच्या गटात ६३ टक्के, तर आतून उपचाराच्या गटात ५३ टक्के रुग्णांना मृत्यू किंवा मोठे अंगच्छेदन यांना सामोरे जावे लागले. निष्कर्ष उलटा!

यावरून शास्त्र गोंधळले आहे, असे आपण समजू नये. दोन्ही चाचण्यांतील रुग्ण वेगळे होते, बुजलेल्या जागा वेगळ्या होत्या आणि मोजलेले परिणामही वेगळे होते. "बायपास चांगला की फुगा?" हा प्रश्नच अपुरा आहे, एवढे त्यांनी दाखवून दिले. कोणासाठी, कोणत्या जागी आणि शीर कशी असताना, हे विचारले पाहिजे. आणखी एक कटू सत्यही या आकड्यांत आहे. कोणताही उपचार घेतला तरी या अवस्थेला पोहोचलेल्या रुग्णांपैकी फार मोठ्या भागाचे पुढे वाईट झाले. म्हणजे सर्वोत्तम शस्त्रवैद्यालाही उशिरा येणारा रुग्ण पुरता वाचविता येत नाही.

बंगळुरूने या क्षेत्रात एक वेगळी चाचणीही पाहिली आहे. ज्यांच्या धमन्या इतक्या बारीक आणि इतक्या बुजलेल्या असतात की बायपासही होत नाही व फुगाही जात नाही, अशा रुग्णांचे काय? याच शहरातील स्टेमप्युटिक्स या कंपनीने निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतून मिळविलेल्या मूलपेशी वाढवून त्या पोटरीच्या स्नायूत टोचण्याचा प्रयोग हाती घेतला. पहिली चाचणी अवघ्या २० रुग्णांची होती. तिचा वृत्तांत २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. नंतर बर्गरच्या विकाराचे ९० रुग्ण घेऊन दुसरी झाली. २०१६ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी बर्गरच्या विकारासाठी या उपचाराला मर्यादित मान्यता दिली. मर्यादित हा शब्द ध्यानात ठेवण्याजोगा आहे. थोड्या रुग्णांवरील आशादायक अनुभव म्हणजे सिद्ध झालेला रामबाण नव्हे. "मूलपेशींनी सर्व काही बरे होते" अशा जाहिराती कोठे दिसल्या, तर हे वाक्य आठवावे.

आपणांपैकी कोणाला अशा चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारले गेले, तर भिऊ नये आणि भाळूनही जाऊ नये. १५ जून २००९ पासून आपल्या देशात प्रत्येक औषधचाचणीची राष्ट्रीय नोंदणीपुस्तकात आधी नोंद करणे बंधनकारक आहे. रुग्णाला त्याच्या भाषेत सर्व समजावून सांगणे, लेखी संमती घेणे आणि केव्हाही बाहेर पडण्याची मुभा देणे, हे त्याचे हक्क आहेत. ते हक्क मागण्यात संकोच कसला?

घरच्या घरी

आता आपल्या वाट्याचे काम. शस्त्रवैद्याच्या साडेअकरा वर्षांच्या शिक्षणाला आपल्या रोजच्या पाच मिनिटांची जोड हवी.

घरात मधुमेही असल्यास रोज संध्याकाळी त्याचे दोन्ही पाय कोमट पाण्याने धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह कोरडे करून, उजेडात पाहावेत. पाणी किती गरम आहे, हे त्याने स्वतःच्या पायाने नव्हे, तर दुसऱ्या कोणी हाताने पाहावे. बधिर पायाला चटका कळत नाही. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा. बोटांच्या मध्ये तेल लावू नये, भोवरी ब्लेडने कापू नये, पाय शेकू नयेत. घरातही मऊ चपला घालाव्यात. देवळात किंवा उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणे अशा रुग्णाने टाळावे. देव रागावणार नाही.

पंधरा दिवसांत न भरणारी जखम, चालताना ठराविक अंतरावर दुखणारी पोटरी, रात्री लोंबत सोडावा लागणारा पाय, काळवंडणारे बोट, यांपैकी एक जरी खूण दिसली तरी डॉक्टरांना दाखवावे. त्यांच्याकडे एक सोपी, न दुखणारी तपासणी असते. घोट्याजवळचा रक्तदाब आणि दंडावरचा रक्तदाब मोजून पहिल्याला दुसऱ्याने भागावयाचे. उत्तर साधारण एक किंवा किंचित अधिक आले तर ठीक, ०.९ पेक्षा कमी आले तर पायाला रक्त अपुरे आहे. जुन्या मधुमेहात मात्र धमन्या कठीण झाल्याने हा आकडा फसवा, वाजवीपेक्षा मोठा येऊ शकतो. अशा वेळी अंगठ्याचा दाब मोजावा लागतो. "आकडा चांगला आहे, पण जखम भरत नाही," असे झाल्यास हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

आणि पाय एकाएकी थंड, पांढरा, बधिर झाला व असह्य दुखू लागला, तर चोळत बसू नये, शेकू नये, सकाळ होण्याची वाट पाहू नये. त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात जावे. ते सहा तास तेथूनच मोजावयाचे असतात.

पाय कापण्याचा सल्ला मिळाला तर, प्राणघातक संसर्ग नसल्यास, "आधी रक्तवाहिन्यांच्या शस्त्रवैद्याचे मत घेता येईल काय?" हा एक प्रश्न विचारावा. तो कोणाचाही अपमान नव्हे. क्वचित उत्तर "नाही" असे येईल, आणि प्राण वाचविण्यासाठी पाय द्यावाही लागेल. तेही समजून स्वीकारावे लागते. परंतु न विचारता गेलेला पाय परत येत नाही.

बंगळुरूच्या वसंतनगरात बसून एका शस्त्रवैद्याने पाहिलेले, मोजलेले आणि लिहून ठेवलेले ज्ञान आज जगाच्या मार्गदर्शिकेत आहे. ते आपल्या घरापर्यंत येण्यासाठी फार काही करावे लागत नाही. आज रात्री दिवा लागल्यावर आजोबांना खुर्चीवर बसवावे, खाली मांडी घालून बसावे आणि त्यांची पावले हातात घ्यावीत. या वेळी नमस्कारासाठी नव्हे, तर पाहण्यासाठी.